एकेचाळीस गुणांचे शहर

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. माझी एकशे बारा पाने भरली आहेत आणि त्यांतले एकही आता कुणाच्या कामाचे नाही.

एका आईने मला आपल्या मुलीसाठी विकत घेतले. त्या मुलीला घरात सगळे धाकटीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. कानाला हेडफोन लावायचा, दूरदूरच्या कचेऱ्यांतल्या बैठका ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करून पाठवायचा, हे धाकटीचे काम. इंटरनेट आणि शांतता असली की ते कुठूनही होई. परदेशात एखादे चांगले शहर शोधायचे, तिथे घर करायचे आणि आईला घेऊन जायचे, असे तिने ठरवले. आई धाकटीच्या भावाकडे, दादाकडे राहायची, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे कामातून गेले होते. दोन वर्षांत ती चार वेळा खाली उतरली होती.

"तू ठरव, मी येते," आई म्हणाली. "दारातून पाऊल टाकलं की रस्ता लागला पाहिजे, एवढंच बघ."

धाकटीने माझ्यावर दहा रकाने आखले. इंटरनेट, शांतता, भाडे, हवा, पाणी, भाषा, दवाखाना, पायऱ्या, बसायला बाक, शेजार. प्रत्येकाला पाच गुण. मला फार अभिमान वाटला. एका माणसाचे सुख आपल्या पानांवर ठरणार, यापरते वहीला काय हवे?

पहिले शहर समुद्राकाठचे होते. इंटरनेट झकास, पण कपाटातले कपडेसुद्धा ओलसर राहत. माझा पुठ्ठा तिथेच फुगला. तीस गुण. दुसरे डोंगरातले, अगदी चिडीचूप. पण दवाखान्याला बसने दीड तास. तेहतीस. तिसऱ्या शहरात लिफ्ट होती, बाग होती, डॉक्टर शेजारीच होता. पण तिथे राहण्याच्या परवान्याच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "परवाना तुमच्या एकटीचा. आईंना तीन महिने पाहुण्या म्हणून आणा." आपल्याच घरात आई पाहुणी? धाकटीने ते पान दुमडून टाकले.

याच काळात माझे कौतुक सुरू झाले. तिच्यासारखेच लॅपटॉप घेऊन देशोदेशी राहणारे लोक मला मागून नेत, माझ्या पानांचे फोटो काढत. "इतकी बारीक तुलना कुणी केली नसेल," असे म्हणत. कुणीही विचारावे आणि धाकटीने घडाघडा सांगावे. तिला त्याची गोडी लागली. खोटे कशाला बोलू, मलाही लागली.

मग चौथे शहर आले. तळमजल्याच्या दोन खोल्या, दार उघडले की रस्ता, समोर झाडाखाली बाक. घरमालकीण निवृत्त शिक्षिका होती. "आणा आईला, मलाही बोलायला कुणीतरी होईल," ती म्हणाली. आईला कायम राहण्याची परवानगीही मिळत होती. पन्नासपैकी एकेचाळीस. आईने पासपोर्ट नवा करायला टाकला आणि प्रवासासाठी आतून खिसा असलेली पिशवी शिवली.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर बांधकाम निघाले. ड्रिलच्या आवाजात धाकटीला शब्द ऐकू येईनात. तिने शांततेचे गुण खोडले. त्याच सुमारास कुणीतरी सांगितले, अमुक शहर याहून सरस आहे.

"आई, अजून एक शहर बघते," तिने फोनवर सांगितले. "दोनच महिने."

"गुण देत बसलं की नवरे आणि शहरं, दोन्ही हातची जातात गं," आई हसून म्हणाली. मग म्हणाली, "बघ बाई. मी कुठे पळून चाललेय?"

त्या दोन महिन्यांचे नऊ झाले. पाचव्या शहराला अडतीसच मिळाले आणि धाकटी सहाव्याची चौकशी करू लागली.

एका दुपारी दादाचा फोन आला. आई जिन्यात पडली होती. परदेशी गेल्यावर चालावे लागेल, म्हणून ती महिनाभर कुणाला न सांगता रोज एक मजला उतरायची सवय करत होती. खुब्याचे हाड मोडले होते.

धाकटी पोहोचली तेव्हा शस्त्रक्रिया झाली होती, पण ताप उतरत नव्हता. आईने तिला ओळखले.

"मिळालं का घर?"

"मिळालं," धाकटी म्हणाली.

"खालचं?"

"तळमजला आहे. समोर रस्ता."

"मग बरं झालं." आईने डोळे मिटले. चौथ्या दिवशी ती गेली.

पुढे आठवड्याने दादाने मला धाकटीच्या बॅगेतून काढले. एकेक पान उलटत तो चौथ्या शहरापाशी थांबला.

"इथे काय कमी होतं?"

"वर बांधकाम चालू होतं."

"किती दिवस चालणार होतं?"

"तीन आठवडे."

दादा ओरडला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले. त्याने मला मिटून टेबलावर ठेवले. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या तशाच परत गेल्या.

धाकटी निघताना वहिनींनी विचारले, "आता कुठे राहणार?"

"कुठेही," ती म्हणाली. मला तिने उचलले नाही. वर्ष होऊन गेले. मी जुन्या वर्तमानपत्रांखाली पडून आहे, रद्दीवाला कधी येईल ते माहीत नाही. धाकटी फोन करते. कुठल्या शहरात आहेस, असे आता दादा विचारत नाही आणि तीही सांगत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. माझी घेतली तेवढी पुष्कळ झाली. माझ्यावर दहा रकाने होते, पण किती दिवसांत ठरवायचे, ते कुठेच लिहिलेले नव्हते. तुमच्या घरात कुणी "मी येते" म्हणत वाट बघत असेल, तर चाळीस गुणांच्या घरातही घेऊन जा. उरलेले दहा तिथे गेल्यावर मिळाले तर मिळाले.