यजमानाचा हार

माझ्या मुलीचं, शरयूचं, पहिलं कीर्तन आयोवर ठरलं. आयो हा गुरूचा चंद्र. आमंत्रण तिथल्या ज्वालामुखीनंच धाडलं होतं. कागदाला गंधकाचा वास येत होता, पण अक्षर वळणदार. आम्ही पेटी-तबला घेऊन निघालो. बस थेट जाते.

शरयू सतरंजीवर उभी राहिली, तसा मी वाकून नमस्कार केला. नारदांच्या गादीवर उभं राहणाऱ्याला बापानंही नमस्कार करायचा असतो.

"नाना, डोळे पुसा," तबल्यावरचे जोगळेकर म्हणाले, "पट्ट्या दिसायच्या नाहीत."

"धूर आहे हो," मी म्हटलं.

पूर्वरंग असा रंगला, की आजूबाजूचे डोंगर धुमसायचे थांबले. वर गुरू अर्धं आभाळ अडवून बसला होता. यजमान समोर, तोंड मिटून, मान डोलवत. तो डोलला की त्याच्या-आमच्यामधली जमीन हातभर आखडायची.

पूर्वरंगाच्या शेवटच्या भजनाला जोगळेकर माझ्या कानाशी वाकले. "मध्यंतरात कीर्तनकाराला हार कोण घालतं?"

"यजमान."

आमंत्रण घेताना हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. यजमानाच्या हातात हार तयार होता. लालभडक, ठिबकणारा. थेंब पडे तिथला खडक उकळे.

मी भजन थांबवलंच नाही. पेटी चालू तोवर मध्यंतर नाही. तीच ओळ शंभरदा झाली. यजमान हार धरून अदबीनं ताटकळत राहिला. जमीन आखडतच होती.

"बाबा, सूर सोडा," शरयू म्हणाली.

"अगं, तो हार बघ तरी!"

"बघितला. हार घेतल्याशिवाय उत्तररंग कसा लावू? आख्यान तसंच राहील."

"मग दोन पावलं मागे हो."

"गादीवरून?" ती हसली. "आणि घरी येऊन तुमचीच बोलणी खाऊ?"

खरंच खाल्ली असती. उभ्या आयुष्यात मी शेकडो कीर्तनं ऐकली, मोठमोठे बुवा पाहिले. इतकं ताठ कुणी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या पोटची पोर ही. ऊर भरून आला. मी पेटीचा भाता मिटला.

यजमान उठला. गुरू त्याच्याआड गेला. मग एवढा थोरला डोंगर हार पुढे धरून, हळूहळू वाकत, तिच्यासमोर आला.

शरयूनं शेपटा पाठीवर टाकला आणि मान पुढे केली.