नगाऱ्यामागे ठेवलेला मासा

सरळ बसा, मित्रांनो, आणि माझे बोलणे मध्येच तोडू नका. मी एक जुनी, जस्ती पत्र्याची पेटी आहे. युगांडातल्या मोठ्या सरोवराकाठी एक संग्रहालय आहे. तेथील कर्मचाऱ्यांच्या चहाच्या खोलीत माझे आयुष्य गेले.

कासुले लोहाराने मला घडवले, ते नालुवूझाबाईंच्या करड्या नजरेखाली. खोली त्यांच्या ताब्यात होती. माझ्या झाकणाला त्यांनी रबरी पट्टी बसवून घेतली, आत साखर ठेवली आणि तीन दिवस मुंग्यांची वाट पाहिली. एकही मुंगी शिरली नाही. मग हुकूम सुटला: इमारतीत येणारा प्रत्येक घास पेटीत ठेवायचा, याच खोलीत खायचा, उरलेला संध्याकाळी घरी न्यायचा.

"किडे आज तुमचे शेंगदाणे खातील, उद्या पूर्वजांचा नगारा," असे त्या बजावीत.

तो नगारा संग्रहालयाच्या कोठीत होता. एका कुळाने तो विश्वासाने सांभाळायला दिला होता. तो वाजल्यावाचून त्या कुळाचा नवा प्रमुख गादीवर बसत नसे. एकवीस वर्षे त्याच्या कातड्याला टाचणीएवढेही भोक पडले नाही. पाहुणे नगाऱ्याची वाहवा करीत. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

पुढे मुबिरूसाहेब संचालक झाले. एके दिवशी सेकिट्टो पहारेकऱ्याने वडिलांसाठी धुरावलेला मांबा मासा आणला आणि माझ्यात ठेवला. दुपारी साहेबांनी आपले मटोके, म्हणजे उकडलेली केळी, घ्यायला झाकण उघडले मात्र, ते ओरडलेच.

"माझ्या मटोकेला खेटून मांबा? अरे, आमच्या कुळाचं देवक आहे ते! काढ आधी!"

"सेबो, चुकलंच. पण ठेवू कुठे?"

"कुठेही ठेव. माझ्या डोळ्यांसमोर नको."

नालुवूझाबाई उठल्या. "साहेब, देवकाचा मान मलाही कळतो. तुमच्यासाठी दुसरी पेटी करून घेऊ. आज मासा इमारतीबाहेर जाऊ दे."

"न्याबो, तुम्ही चहा पाहा. संग्रहालय मी पाहतो."

"जाजा, संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न," सेकिट्टो बाईंना, आजीला हाक मारावी तसे, हळूच म्हणाला. त्याने पुडके कोठीत, नगाऱ्यामागे सरकवले. तासाभरात वडील गेल्याचा निरोप आला आणि तो धावत गावी गेला. मासा खाणारा उरला नाही, मासा उरला.

महिन्याने नगाऱ्याच्या कुळाची माणसे नवा प्रमुख बसवण्यासाठी तो न्यायला आली. त्यांच्यातल्या वृद्धाने कातड्यावर हात ठेवला आणि बोटे आरपार गेली. माशातल्या किड्यांनी मासा संपवून नगारा धरला होता. म्हाताऱ्याने हात तसाच आत ठेवला.

"खाण्यापिण्याची जबाबदारी कोणाची?" साहेबांनी सर्वांदेखत विचारले.

सेकिट्टोने मान खाली घातली. बाकीच्यांनीही घातली. बाईंची नोकरी गेली. जाताना त्यांनी मला पुसले, पट्टी दाबून पाहिली आणि आपला कप उचलला.

आता माझ्यात जुने झाडू असतात. वरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे: 'अन्न पेटीतच ठेवावे.' खाली मुबिरूसाहेबांची सही आहे. त्यांचे बिस्कीट समोरच्या खोलीत, त्यांच्या मेजाच्या खणात असते. चुरा पडतो तो मला येथून दिसतो.

मित्रांनो, घास झाकून ठेवा, सांडलेले लगेच पुसा. एवढे तर मुंगीच्या भीतीनेही कराल. पण खरे बोलणारी बाई दारातून बाहेर काढली जात असेल, तेव्हा मान खाली घालू नका. मला तोंड नव्हते, केवळ झाकण होते. तुम्हाला तोंड आहे.