चौकशीला आलेला माणूस

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या मराठी मंडळाने मला खडूस म्हाताऱ्याची भूमिका दिली, आणि कुणालाही त्यात आश्चर्य वाटलं नाही. मंडळाचं निमंत्रण मी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवलं होतं. पुण्याच्या छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. चूक दिसली की हात शिवशिवतात. त्यामुळे कौमुदीला या पात्रासाठी माणूस शोधत हिंडावं लागलं नाही.

कौमुदी वेलिंग्टनला आयटीत आहे. एका जुन्या इंग्रजी रहस्यकादंबरीचं मराठी करून तिने अभिवाचन बसवलं होतं. बंगल्यात खून होतो, इन्स्पेक्टर दारोदार फिरतो आणि चौथ्या प्रकरणात शेजारच्या म्हाताऱ्याकडे येतो. हा म्हातारा गावातल्या कुत्र्यांवर, फाटकांवर, पोरांवर डाफरणारा. तो इन्स्पेक्टरला हाकलून देतो आणि तिथेच त्याचं काम संपतं. शेवटी दिवाणखान्यात सगळ्यांना बोलावून खुनी दाखवतात, तेव्हाही याची आठवण कुणाला होत नाही. भूमिका एकूण दीड पानाची.

पण त्या दीड पानापायी दर शनिवारी दुपारी दोन तास हॉलवर जायला मिळायचं. माझा मुलगा शुभंकर आणि सून सकाळी सातची ट्रेन धरतात. नात आरुषी शाळेतून येते. मी विचारतो, "कसा गेला दिवस?" ती म्हणते, "गुड, आजोबा," आणि खोलीचं दार लावून घेते. एरवी मी मोठ्याने बोलतो ते शेजाऱ्याच्या लॉनमोअरबद्दल, आणि तेही खिडकीशी.

पहिल्याच तालमीत इन्स्पेक्टर झालेला शिरीष समोर येऊन म्हणाला, "नमस्कार. मी चौकशीला आलोय."

मी म्हणालो, "या, बसा. चहा टाकतो."

सगळे खो-खो हसले. मी मुद्दाम केलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. माझी बायको आशालता आजारी होती तेव्हा बिल्डिंगमधली माणसं रोज चौकशीला यायची. जेवलात का, झोप लागते का, काही आणून देऊ का. तेव्हा मी वैतागायचो. ती गेली, शुभंकरने मला इकडे आणलं, त्याला दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात हा शब्द मला कुणी म्हटला नव्हता.

"काका, तिथे 'चालते व्हा' आहे," कौमुदी म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी 'चालते व्हा' म्हणालो, पण ते 'सावकाश जा' म्हटल्यासारखं ऐकू आलं. तिसऱ्या शनिवारी तिने मला बाजूला घेतलं. "काका, जमत नसेल तर सीन ड्रॉप करू या का? ऑलरेडी हीप्स लांबलंय." ('हीप्स' म्हणजे खूप; इकडचा शब्द.)

सीन गेला की शनिवार गेले. आठवडाभर मी फ्रिजसमोर उभा राहून फ्रिजला हाकलत होतो.

प्रयोगाच्या दिवशी हॉलमध्ये साठेक माणसं होती. शुभंकर तिसऱ्या रांगेत मोबाइलवर शूटिंग करत होता.

"मी चौकशीला आलोय," शिरीष म्हणाला.

"चालते व्हा!"

पहिली रांग दचकली. पडद्याआडून कौमुदीने अंगठा दाखवला. शिरीष वळला, दोन पावलं गेला, आणि तेव्हा मला कळलं की आता सीन संपला, तालमीही संपल्या. पुढचा शनिवार माझ्याकडे नव्हता.

"थांबा," मी म्हणालो. "काही न विचारताच चाललात?"

शिरीषने हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग कौमुदीकडे. पोरगा हुशार. परत येऊन म्हणाला, "बरं, विचारतो. कसे आहात?"

"बरा नाही," मी म्हणालो. "घरात चार माणसं आहेत, आणि दिवसचे दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही. मला इथे फार एकटं वाटतं."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो संवादच वाटला. कौमुदीही टाळ्या वाजवत होती.

शुभंकरने मोबाइल खाली घेतला होता. टाळ्या न वाजवणारा तो एकटाच होता.