पाठवलेला पाय

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात पाय तीन दिवसांत तयार व्हायचा, पण त्याच्याबरोबर जाणारं पत्र आठवडाभर रखडायचं. याचं सगळं श्रेय हेडक्लार्कांना. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'पंडित' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. साहेबांचा नियम होता की पत्रावर सही झाल्याशिवाय खोका दाराबाहेर काढायचा नाही. पत्रही इंग्रजीतच हवं, मग गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतलं का असेना!

या खेपेचं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. डावा पाय, गुडघ्याखाली. त्यांनी साध्या चार ओळींत कळवलं होतं, "पुढच्या सोमवारी नात पहिल्यांदा शाळेत जाणार. हात धरून चालत नेईन असं तिला कबूल केलंय. नव्या पायाची सवय व्हायला पाच-सहा दिवस लागतात म्हणे, म्हणून मंगळवारपर्यंत नक्की पाठवा."

मंगळवारी सकाळी पाय खोक्यात बसला. टायपिस्टबाईंनी पत्रात लिहिलं, 'वी सेंट युवर लेग.' पंडितांनी चष्मा पुसला.

"बाई, 'वी सेंट' म्हटलं की गोष्ट संपली. मग कधी ते सांगा, काल की परवा. 'वी हॅव सेंट' म्हटलं की पाठवल्याचा परिणाम आत्ता, या घटकेला शिल्लक आहे. कळलं?"

"कळलं. पण भाऊसाहेब, आपण अजून पाठवलाच नाहीये ना!"

"तो खोक्याचा प्रश्न. मी वाक्याबद्दल बोलतोय."

पंडितांचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. लहानपणी याच चुकीपायी ते अख्खा तास बाकावर उभे राहिले होते, आणि मनाने अजून खाली उतरले नव्हते.

साहेबांनी 'हॅव' खोडला, कारण त्यांच्या मते कंपनीने मोजकं बोलावं. पंडितांनी तो पुन्हा घातला आणि समासात नियम लिहिला. साहेबांनी नियमही खोडला. बुधवार गेला, गुरुवार गेला. बाईंनी तेच पत्र सात वेळा टाइप केलं. "आधी खोका तरी जाऊ दे, पत्र मागाहून पाठवू," असं त्या एकदा म्हणाल्या, तर पंडित त्यांच्यावर असे खेकसले की बाईंनी तेच पत्र पुन्हा टाइप करायला घेतलं. खोका पंडितांच्या टेबलाखालीच होता. दुपारी पाय सुजतात म्हणून ते चपला काढून त्याच्यावर पाय ठेवून बसत.

शुक्रवारी दुपारी दारात कुबड्या वाजल्या.

"पस्तीस वर्षं पत्रं वाटली," म्हातारा दम खात म्हणाला, "टपाल कुठे अडकलं ते मला घरबसल्या कळतं. माझा पाय पाठवला का?"

पंडितांच्या हातात आठवा कागद होता. "हे काय, पत्रात स्पष्टच लिहिलंय..." ते म्हणाले आणि थांबले. म्हातारा टेबलाखाली पाहत होता.

"त्या खोक्यावर माझं नाव आहे. आणि तुमचे पाय."

पंडितांनी पाय खाली घेतले. चपला सापडेनात. सही नाही, साहेबांना विचारलं नाही, तरी त्यांनी अनवाणीच खोका उचलला आणि म्हाताऱ्यापुढे ठेवला. "आजच घेऊन जा, आजोबा. माझं चुकलं."

"नेतो. पण सोमवारी हा उपयोगाचा नाही. सोमवारी मी कुबड्यांवरच." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. "एक हात या कुबडीला, दुसरा त्या कुबडीला. नातीचा हात कशाने धरू, तेवढं पत्रात लिहून द्या."

बाईंनी सवयीने यंत्रात कोरा कागद चढवला आणि पंडितांकडे पाहिलं. ते अनवाणीच उभे होते, बाकावर उभं केल्यासारखे.