हं, मंग?

मी बोलतोय खरा, पण मला बोलायची सवय नाही. आजवर माझ्या तोंडून जे जे निघालं ते सगळं दुसऱ्याचं. कधी सिनेमाची गाणी, कधी नाताळच्या कॅरल्स, कधी फादरांचं प्रवचन आणि सगळ्यात जास्त क्लेमेंटच्या गोष्टी. टेपरेकॉर्डरने ऐकायचं आणि ऐकलं तसं परत करायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही आमची शिस्त. ती आज मोडतो आहे. रागवायला घरात फारसं कोणी उरलेलंही नाही.

जन्म माझा परदेशातला, पण त्याची ऐट मी कधी मिरवली नाही. मला माणसांत आणलं ते फ्रान्सिसने. तो बहारीनला नोकरीला होता. १९९१ साली त्याच्या बहिणीचं, नॅन्सीचं लग्न ठरलं, तेव्हा टॉवेलात गुंडाळून, सामानाच्या मधोमध ठेवून त्याने मला आणलं. नॅन्सीचं माहेर पाचूबंदरचं, कोळीवाड्यातलं. सासर वसईतच, पण आत, केळीच्या वाडीतलं. लग्नाच्या वरातीत मी तिच्या मांडीवर बसून त्या घरी आलो. नवऱ्यामुलाकडे कमी आणि माझ्याकडेच लोक जास्त बघत होते.

पहिल्या वर्षी फ्रान्सिसने अंगाईगीतांची एक कॅसेटही पाठवली होती. ती कधी लावली गेली नाही. नॅन्सीच्या पोटातलं मूल सातव्या महिन्यात गेलं. नंतर त्या घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कॅसेट कपाटात राहिली, तिच्या शेजारी नॅन्सीने शिवलेली झबली राहिली आणि कपाटाला कुलूप लागलं.

नॅन्सीचा नवरा क्लेमेंट अंधेरीला एका रंगाच्या कंपनीत कारकून होता. जवळच शूटिंगं चालायची. बाकीचे कारकून जेवणाच्या सुट्टीत नट्या बघायला जायचे, आमचा क्लेमेंट मात्र डोक्यात गोष्टी घेऊन परत यायचा. अक्षर सुरेख, उत्साह दांडगा. संवाद मात्र असे, की ऐकून माझी टेप गुंडाळली जावी. ‘हे प्रिये, नियतीने आपल्यात दरी निर्माण केली आहे!’

हे वाक्य ऐकून सदानंद इतका हसला की चहा सांडला. सदानंद बोळिंजला राहायचा आणि रविवारी सायकलवरून यायचा. त्याने वीस-पंचवीस वर्षं मोठमोठ्या लेखकांच्या हाताखाली सिनेमे लिहिले होते. त्याचं स्वतःचं नाव पडद्यावर एकदाही आलं नव्हतं, पण सल्ले खणखणीत असायचे.

“हा बोलतोय की पत्र वाचून दाखवतोय?” तो म्हणाला. “तुझ्या घरात कोणी बोलतं का असं?”

“सिनेमात लागतं ना सदूभाऊ तसं.”

“काही लागत नाही. सीनमध्ये शिरायचं ते पंगत बसल्यावर आणि उठायचं ते हात धुवायच्या आधी. मधल्या वेळात जो तो आपल्या बोलीत बोलेल तेवढंच लिहायचं. आणि नोकरी सोडू नकोस. या धंद्यात आधी पोट, मग नाव.”

मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “सिनेमावाले वाचत नाहीत बाबा, ऐकतात. तुला गोष्ट सांगता आली पाहिजे. बायकोला सांग. हा टेप लावून सांग. लहानपणी गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचो की नाही आपण? तिचा हुंकार जिथे तुटेल तिथे गोष्ट तुटली समज. तेवढं काप.”

त्या दिवसापासून माझं भाग्य उजळलं. क्लेमेंट कामावरून यायचा, हातपाय धुवायचा आणि रेकॉर्डिंगची माझी दोन बटणं एकदम दाबायचा. नॅन्सी समोर शेंगा सोलत बसायची. दाणे ताटलीत पडायचे, टक, टक. क्लेमेंट गोष्ट सांगायचा आणि ती म्हणायची, “हं. मंग?”

त्या दोन शब्दांत तिचं सगळं असायचं. पटलं की तोकडा ‘हं’. नाही पटलं की लांबवलेला ‘हंऽऽ’, म्हणजे थापा मारू नका. एकदा नायिका विष प्यायली तेव्हा शेंगा सोलणं न थांबवता तिने विचारलं, “आन् घरात कोनीच नवतं? येखादी शेजारीन तरी येल ना साखर मागाया!”

क्लेमेंट खजील झाला. दुसऱ्या दिवशी गोष्टीत साखर मागायला शेजारीण आली, नायिका वाचली आणि गोष्टही वाचली. ती शेजारीण पुढे त्याच्या प्रत्येक गोष्टीत आली.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. कारण त्या खोलीत एकजण सांगत होता, एकजण ऐकत होती आणि ते दोघं मिळून माझ्यात साठत होते.

मग त्याने एका सुताराची गोष्ट रचली. सुताराचं मूल जन्माआधीच जातं. पुढे शेजारणीला बाळ होतं, तेव्हा सुताराची बायको आपण शिवलेली झबली तिला देऊन येते. घरी येऊन तांदूळ धुते, चुलीवर ठेवते. बस्स. एकही संवाद नाही. क्लेमेंटने ते इतकं हळू सांगितलं की मलाही कान द्यावा लागला.

नॅन्सीचा हुंकार आला नाही. टक-टकही थांबली.

थोडा वेळ वाट पाहून क्लेमेंट म्हणाला, “काय गं, झोप आली?”

“नाय. पानी ठेवते,” म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने टेप लावली. रिकामी जागा आली तशी पुढे ढकलायचं बटण दाबलं. रविवारी सदानंदला म्हणाला, “तो सीन पडला. हुंकारच नाही.”

“मग काप,” सदानंद म्हणाला.

कापला. त्या जागी टेपवर काय होतं ते मला ठाऊक होतं. पण ‘अरे, ढकलू नकोस, आवाज वाढव’ हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? माझं तोंड बटणाने उघडतं आणि बटण त्याच्या हातात होतं.

ती गोष्ट घेऊन क्लेमेंट किती ऑफिसांत फिरला! कोणी फोनवर बोलत ऐकायचं, कोणी जांभया देत. हुंकार कोणीच द्यायचं नाही. एक निर्माता तेवढा शेवटपर्यंत बसला आणि म्हणाला, “सगळं ठीक आहे, पण काळजाला हात घालेल अशी एक जागा नाही यात.” क्लेमेंटने घरी येऊन ते नॅन्सीला सांगितलं. तिने शेंगांची ताटली पुढे ओढली.

पुढे रोजच्या मालिकांचं पेव फुटलं आणि क्लेमेंटला संवाद लिहायचं काम लागलं. सदानंदचा सल्ला बाजूला ठेवून त्याने नोकरी सोडली. गोष्ट दुसरेच ठरवायचे, हा नुसते शब्द भरायचा. नाव मात्र रोज पडद्यावर यायचं. घरात कॉम्प्युटर आला आणि मी कपाटावर गेलो.

“आज काय झालं गोष्टीत?” नॅन्सी विचारायची.

“टीव्हीवर बघ ना,” तो मान वर न करता म्हणायचा.

ती टीव्हीसमोर शेंगा सोलत बसायची आणि सवयीने म्हणायची, “हं. मंग?” टीव्ही काय, हुंकार दिला तरी चालू, न दिला तरी चालू. वरून मला ते ऐकू यायचं आणि फार एकटं वाटायचं. तिलाही वाटत असणार.

२००५ साली ईस्टरच्या आधी नॅन्सी गेली. तापाचं निमित्त झालं. चर्चमध्ये तिच्यासाठी महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे पांगले आणि एका दुपारी क्लेमेंटने मला खाली काढलं, धूळ पुसली. घरात तिचे फोटो होते. आवाज फक्त माझ्याकडे होता.

हाताला लागली ती नेमकी सुताराची कॅसेट. त्याला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं, तो तिचे ‘हं’ गोळा करत होता. ती रिकामी जागा आली. बोट सवयीने पुढच्या बटणावर गेलं आणि थबकलं. त्या शांततेतही ती बसलेली होती ना. त्याने बटण सोडलं आणि आवाज वाढवला.

दाणे पडायचे थांबले. एक श्वास आत गेला तो बाहेरच येईना. मग साडीचा पदर तोंडावर घट्ट धरल्यासारखं काहीतरी. आणि त्या पदराआडून, जेमतेम ऐकू येईल असं, “मंग?”

हुंकार तुटलाच नव्हता.

क्लेमेंट किती रडला ते मी सांगणार नाही. त्याने ती जागा पुन्हा पुन्हा लावली. ती विचारत होती, पुढे काय झालं त्या बाईचं? आणि त्याच्यावर तो म्हणाला होता, झोप आली?

त्यानंतर त्याने मालिका सोडली. आता माझा पट्टा सैल झालाय, आवाज ओढल्यासारखा येतो, बाजारात कोऱ्या कॅसेटी मिळेनाशा झाल्यात. तरी संध्याकाळी तो माझी दोन बटणं दाबतो आणि सुताराची गोष्ट पुन्हा सांगतो. झबल्यांपाशी येतो, बायको तांदूळ चुलीवर ठेवते आणि तो थांबतो. त्याच्या पुढचं त्याला सापडत नाही. समोर ताटली नाही, शेंगा नाहीत. तो माझ्याकडे बघत राहतो. जन्मभर ऐकत आलो मी, पण त्याला एक ‘हं’ माझ्याने देववत नाही. माझी चाकं नुसती फिरतात आणि त्याची शांतता भरून घेतात.

म्हणून एकच मागणं. तुमच्यातल्या कोणाला सिनेमा लिहायचा असेल, नाहीतर नुसता संसार करायचा असेल, तर समोरचं माणूस गप्प झाल्यावर पुढचं बटण दाबू नका. आवाज वाढवा. आणि तुम्ही ऐकणारे असाल, तर हुंकार द्या, ऐकू जाईल असा.

माझं सांगून झालं. इतका वेळ तुम्ही गप्प आहात. कंटाळलात की श्वास धरून बसलात, मला कसं कळावं? एकदा ‘हं’ म्हणा ना.