पुलाच्या अलीकडचं घर

पद्मजाबाईंची लेक जर्मनीत कुठे राहते, हे ठाऊक नाही असं मराठी घर न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये शोधून सापडलं नसतं. "आमची उर्वी माइन्झला असते," हे त्या गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या डोहाळजेवणात, एवढंच काय, दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आ वासून बसल्या असतानाही सांगत आल्या होत्या. माइन्झ झालं की ऱ्हाइन नदी यायची. मग ऱ्हाइनला तिथेच येऊन मिळणारी माइन नदी, आणि मग ओघाने कऱ्हाडची कृष्णा आणि कोयना. पद्मजाबाई मूळच्या कऱ्हाडच्या. जगात संगम काय तो एकच, बाकीच्या नुसत्या नद्या, असं मानणाऱ्या बाईने परमुलखातल्या संगमाला एवढा मान द्यावा, हे काही थोडं नव्हतं.

उर्वी जानेवारीत गेली. अडतीस वर्षांची होती. उन्हाळ्यात पोट दुखतं म्हणून तपासायला गेली, तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि सहा-सात महिन्यांत सगळं आटोपलं. पद्मजाबाई डिसेंबरपासून तिच्या उशाशी होत्या. दहन झाल्यावर त्या एकट्याच परत आल्या, कारण तिकडे अस्थी घरच्यांच्या हातात देत नाहीत. कलश कुठे जाणार हे सरकारदरबारी ठरेपर्यंत तो दहनगृहातच थांबतो.

कुठे जाणार हे उर्वीने स्वतःच्या सहीने लिहून ठेवलं होतं. घरासमोर, ऱ्हाइनमध्ये, संगमापाशी. आजवर जर्मनीत रक्षा नदीत सोडायला बंदी होती, ती माइन्झच्या प्रांताने गेल्या शरदात उठवली. परवानगीचं जावयाने, जोनसने, अंगावर घेतलं. "मी प्रयत्न करतोय, आई," असं तो विमानतळावर म्हणाला होता. जर्मन माणूस प्रयत्न करतोय म्हणजे काम झालंच, असं धरून पद्मजाबाईंनी एप्रिलचं तिकीट काढलं. पार्सिपनीच्या गुरुजींना विचारून विधी समजून घेतला. देवघरातला तांब्याचा गडू कपड्यात गुंडाळून बॅगेत ठेवला. शैलेंद्रच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, अस्थी सात वर्षांपूर्वी कऱ्हाडला सोडल्या तेव्हा त्यांनी त्या गडूत कृष्णेचं पाणी भरून आणलं होतं. ते आता ऱ्हाइनमध्ये ओतायचं, म्हणजे बाप-लेकीची भेट होईल, असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगताना रडू आलं असतं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी जोनसचा फोन आला. ईशान, त्यांचा मुलगा, पार्सिपनीहून जेवायला आला होता. त्याने टेबलावरची ताटं सरकवून लॅपटॉप उघडला. पडद्यावर जोनस दिसला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"आई, नाही म्हणाले," तो म्हणाला. 'आई' एवढं मराठीत, बाकी त्याचं ते सावकाश इंग्रजी. "दोन्ही किनाऱ्यांच्या ऑफिसांनी नाही म्हटलं. मी पुन्हा अर्ज केला होता. आता शेवटचं उत्तर आलं."

"नाही म्हणजे? कायदा झालाय ना?"

"कायदा पलीकडच्या किनाऱ्यासाठी आहे. उर्वी अलीकडे राहत होती."

पद्मजाबाईंना वाटलं, पोराला झोप नाही, काहीतरी बरळतोय. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की पत्त्यात स्वच्छ माइन्झ-कास्टेल लिहिलेलं आहे, दिवाळीचा फराळ आपण नऊ वर्षं त्याच पत्त्यावर पाठवत आलो.

जोनसने पडद्यावर नकाशा आणला. मधून ऱ्हाइन, डाव्या हाताला माइन्झ, उजव्या हाताला कास्टेल, दोहोंमध्ये एक पूल. संध्याकाळी उर्वी त्या पुलावर फिरायला जायची आणि फोन उंच धरून पाणी दाखवायची, तोच पूल.

"नाव माइन्झचं राहिलं," जोनस म्हणाला, "पण एकोणीसशे पंचेचाळीसपासून कास्टेल माइन्झमध्ये नाही. युद्ध संपलं तेव्हा पलीकडचा किनारा फ्रेंचांकडे गेला, अलीकडचा अमेरिकनांकडे. नदी ही हद्द. माइन्झची जी उपनगरं अलीकडे होती, ती अमेरिकनांनी शेजारच्या वीसबाडेन शहराला जोडून दिली. तात्पुरती."

"तात्पुरती," पद्मजाबाई म्हणाल्या.

"एक्क्याऐंशी वर्षं झाली. कचरा वीसबाडेनची गाडी नेते, कर वीसबाडेनला जातो. वीसबाडेन हेसन प्रांतात येतं आणि हेसनमध्ये अजून जुनाच कायदा आहे. दफनभूमी, दुसरं काही नाही. नदी मोकळी केली ती पलीकडच्या, माइन्झच्या ऱ्हाइनलँड-फाल्ट्स प्रांताने, आणि ती फक्त त्यांच्या रहिवाशांसाठी. माणूस शेवटी ज्या किनाऱ्यावर राहत होता तो किनारा धरतात."

पद्मजाबाईंना एकदम जोनसची गाडी आठवली. लग्नाच्या वेळी तिच्या नंबरप्लेटवर पुढे डब्ल्यू आणि आय, म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची अक्षरं, बघून शैलेंद्र म्हणाला होता, जावई विस्कॉन्सिनचा निघाला की. सगळे हसले होते. ती दोन अक्षरं वीसबाडेनची होती, आणि आपण नऊ वर्षं जगभर माइन्झ माइन्झ करत फिरलो. पाच वेळा त्या घरात राहिलो, आणि ते घर कुठल्या गावात आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे हे आपल्या लोकांनी करून ठेवलंय," त्या ईशानकडे वळून म्हणाल्या. आपले लोक म्हणजे अमेरिकन, हे त्यांच्या तोंडून सहज निघालं. "कुठल्या साहेबाने नकाशावर रेघ ओढली, तो मेलाही असेल, आणि माझ्या पोरीला नदी नाही?"

"आई, चिल," ईशान म्हणाला. "जोनस, लिसन, कान्ट वी जस्ट टेक अ लिटल बिट? पुलावर जायचं, सोडायचं. हू विल नो?"

जोनसने मान हलवली. कलश सीलबंद असतो, दफनभूमीची माणसंच तो आणतात आणि त्यांच्याच हातून तो खाली जातो.

पद्मजाबाईंचा राग आता जाग्यावर राहीना. साहेब मेलेला, कायदा परका, हाताशी सापडला तो जावईच. "तुला हे आधी माहीत नव्हतं? तू तिथलाच ना? मग पलीकडे घर घ्यायचं होतं. भाड्याने एक खोली. पुलाचं तर अंतर आहे."

ईशानने टेबलावरचं आमटीचं भांडं उचललं आणि परत तिथेच ठेवलं.

"बघितलं होतं," जोनस शेवटी म्हणाला. "ऑक्टोबरमध्ये. पलीकडे, दोन खोल्यांचं, लिफ्ट होती. उर्वीलाच सुचलं होतं. मग तिने नको म्हटलं."

"का?"

"ती म्हणाली, आईला त्रास होईल."

पद्मजाबाईंना ती संध्याकाळ लख्ख आठवली. तिकडे मध्यरात्र असावी. उर्वीला दुखण्याने झोप यायची नाही, मग ती इकडच्या दिवेलागणीला फोन करायची. पद्मजाबाईंनी नुकतंच देवापुढे निरांजन लावलं होतं.

"आई, आम्ही पलीकडे शिफ्ट व्हायचा विचार करतोय," उर्वी म्हणाली होती.

"आता? केमो चालू असताना घर बदलायचं? डोकं ठिकाणावर आहे का?"

"हो, कारण नंतर—"

"नंतर-बिंतर काही नाही. तिन्हीसांजेला अभद्र बोलू नकोस. शुभ बोल."

लहानपणापासून त्यांना शिकवलेलं होतं, की दिवे लागताना वास्तुपुरुष घरावरून तथास्तु म्हणत जातो, त्या वेळी तोंडातून वाकडा शब्द काढायचा नाही. त्यांनी ते आपल्या दोन्ही मुलांना शिकवलं. न्यू जर्सीच्या लाकडी घराला वास्तुपुरुष असतो का, हे मुलांनी विचारलं तेव्हा त्यांनाही गप्प केलं. आणि ही बाई तीस वर्षं हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती. परक्या माणसाचा मृत्यू काचेच्या पट्टीवर बघून त्यांनी एका ओळीत लिहून दिलेला. उर्वीचे रिपोर्ट त्यांनी स्वतः वाचले होते. नंतर काय आहे ते त्या फोनवर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

उर्वी तेव्हा हसली होती. "ओके आई. शुभ," म्हणाली, आणि जेवायला काय केलंयस म्हणून विचारलं. मुगाची खिचडी, असं पद्मजाबाईंनी सांगितलं, आणि पोरीचं मन दुसरीकडे वळवलं म्हणून फोन ठेवल्यावर त्यांना बरं वाटलं होतं.

"ती म्हणाली, आई डिसेंबरमध्ये येईल तेव्हा समोर बसवून सांगते," जोनस म्हणाला. "तोपर्यंत वेळ असेल असं आम्हाला वाटलं."

डिसेंबरमध्ये उर्वी बहुतेक झोपूनच असायची. एकदा दुपारी तिने डोळे उघडले, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, पलीकडे." खिडकीतून पूल दिसायचा. पद्मजाबाईंना वाटलं ऊन डोळ्यांवर येतंय. त्यांनी उठून पडदा ओढला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि सांगितलं, बरी होशील, पडून राहा.

"ईशान, तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"शी टोल्ड मी," ईशान खाली बघत म्हणाला. "म्हणाली, डोन्ट पुश हर. शी कान्ट हिअर इट."

आपल्यामुळे, एवढंच पद्मजाबाईंच्या मनात आलं. रेघ कुणीही ओढली असो, पूल तर होता ना. पोर पूल ओलांडून जायला निघाली होती आणि आपण तिला अलीकडे धरून ठेवलं, एका शब्दाला भिऊन. त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि त्या रडल्या, जानेवारीत रडल्या नव्हत्या इतक्या. ईशानने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. समुद्रापलीकडे जोनस तसाच बसून राहिला. त्याने फोन बंद केला नाही.

बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "आई, एक गोष्ट होऊ शकते. कलश अमेरिकेला पाठवायची परवानगी मिळेल. तुमच्याकडे नदी आहे, समुद्र आहे. किंवा कऱ्हाड. तुम्ही म्हणाल तसं."

क्षणभर पद्मजाबाईंच्या जीवात जीव आला. कऱ्हाड. शैलेंद्र आहे तिथे. घाटावर त्या दिवशी उर्वी शेजारीच उभी होती. बापाची रक्षा पाण्यात विरताना बघून म्हणाली होती, "आई, माझ्याही घरासमोर संगम आहे, मला तिथेच सोडा, मला एवढ्या लांब आणू नका." आणि त्याही वेळी पद्मजाबाईंनी तिला, भर घाटावर, ओल्या पदराने डोळे पुसत, काय म्हटलं होतं? तेच. शुभ बोल.

"आणि नाही आणला, तर?" त्यांनी विचारलं.

"तर कास्टेलची दफनभूमी. नदी तिथून दिसत नाही," जोनस म्हणाला. "मला मात्र ऑफिसमधून येताना रोज जाता येईल."

आयुष्यभर कृष्णेच्या पाण्याच्या गोष्टी सांगितलेल्या बाईला पोटच्या पोरीला मातीत ठेवा असं तोंडाने म्हणणं सोपं नव्हतं.

"राहू दे तिला तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "लांब नेऊ नका म्हणाली होती. तेवढं तरी ऐकते मी. एप्रिलमध्ये येताना मी थोडं पाणी आणीन, ते त्या मातीत ओतू देतील ना?"

"पाण्याला परवानगी लागत नाही, आई," जोनस म्हणाला, आणि इतका वेळ कोरडा बसलेला तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मग पद्मजाबाईंनीच त्याची समजूत काढली, काही खाल्लंस का विचारलं, आणि फोन ठेवला.

ईशान त्या दिवशी लवकर घरी गेला नाही. त्याने भांडी घासली, कचरा बाहेर ठेवून आला. दिवेलागण झाली तशी पद्मजाबाईंनी सवयीने निरांजन लावलं. स्वयंपाकघरात ईशान चहाचं आधण ठेवत होता.

"ईशान," त्यांनी हाक मारली. "मला एक सांगायचंय. उद्या मी गेले, की माझं—"

"आई, अभद्र नको बोलूस," ईशान म्हणाला. "शुभ बोल."

इंग्रजीवाचून ज्याचं पान हलत नाही, त्या मुलाच्या तोंडून हे असं न अडखळता आलं होतं, त्यांचाच सूर, त्यांचीच घाई. तो स्वतःच दचकला आणि हातात साखरेचा डबा धरून त्यांच्याकडे बघत राहिला. पद्मजाबाईंना वाटलं, फोनच्या त्या टोकाला उर्वीला हे असंच ऐकू आलं असणार. दार तोंडावर लावून घेतल्यासारखं.

"गॅस बंद कर," त्या म्हणाल्या, "आणि इथे येऊन बस. तिला मी बोलू दिलं नाही रे. तू मला बोलू दे."

ईशानने गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसला. देवापुढे निरांजन तेवत होतं. भर तिन्हीसांजेला पद्मजाबाईंनी आपल्या मरणाचं बोलायला सुरुवात केली, आणि ईशानने त्यांना मध्येच अडवलं नाही.