माझं मागचं दार

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. दोन शहरांमधला लांबचा पल्ला रात्रभरात गाठणारी मी एक जुनी बस आहे. अंगावरचा निळा रंग नवा आहे, पण तो माझ्या वयावर पांघरूण घालण्यापुरताच. आतली हाडं जुनीच आहेत.

मी जिथे घडले, तिथले कारागीर फार काटेकोर होते. माझं मागचं दार त्यांनी बसवलं, काढलं आणि पुन्हा बसवलं. "हे दार उघडायची वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच तर अडकता कामा नये," असं त्यांचा मुकादम म्हणायचा. मग दारावर लाल अक्षरांत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं रंगवलं गेलं. मला त्या दाराचा अभिमान होता. चारचौघींत मिरवावं असं माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

कामाची वर्षं सुखाची गेली. माझे ड्रायव्हरमामा खड्डा दिसला की मलाच "सांभाळ गं" म्हणायचे. त्या काळी शिकायला परगावी राहिलेली एक मुलगी प्रत्येक सुट्टीला माझ्यातून घरी जायची. तिला कायम शेवटची, दाराजवळचीच जागा लागे. "इथे बसलं की कोंडल्यासारखं होत नाही, मामा," असं ती म्हणे. मामांनी तिचं नाव 'दारवाली' ठेवलं होतं.

पुढे विमानं स्वस्त झाली आणि माझे दिवस फिरले. "तासाभरात पोचतो, या खटाऱ्यात हाडं कोण खिळखिळी करून घेणार?" असं म्हणत एकेकाने पाठ फिरवली. दारवाली शिक्षिका झाली होती, तीही विमानाने जाऊ लागली. मालकाने मला गॅरेजमागे नेऊन उभं केलं. माझ्या टपावर कबुतरांनी संसार थाटला. मामा पोटासाठी पाण्याचा टँकर चालवू लागले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी तिथे उभ्या उभ्या शिकले.

मग एके दिवशी मालक माझ्या तोंडाला टेकून फोनवर बोलत होता. "अरे, विमानाची तिकिटं बघितलीस का? कुठल्या कुठे गेलीत! माणसाने जायचं की घर चालवायचं? रेल्वेत तर उभं राहायला जागा नाही. आता सगळे झक मारत आपल्याकडे येणार!"

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ते गाढव मी होते. मला धुतलं, रंगवलं, मामांना परत बोलावलं. खुर्च्या उपटून झोपायचे बर्थ बसवले. शेवटच्या बर्थपाशी वेल्डर थांबला. "मालक, इथे दार आहे."

"दार भाडं देतं का? बर्थ देतो. टाक बंद करून."

दाराची मूठ कापली. धातू वितळवून फटी सांधल्या. वर प्लायवूड ठोकलं, गादी टाकली आणि लाल अक्षरांवर फुलाफुलांचा पडदा सोडला. मला फार लाज वाटली. बाहेर मात्र सगळे म्हणत होते, "जुनं ते सोनं!"

एका संध्याकाळी दारवाली पुन्हा आली. सोबत तिची आई होती. आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि महिनोन् महिने थांबल्यावर मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळाली होती. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत मुलीने विमानाचं भाडं रोज पाहिलं होतं, आणि ते रोज चढतच गेलं होतं. शेवटी तिला माझा तो मागचा खालचा बर्थ मिळाला. आईला शिडी चढणं शक्यच नव्हतं.

तिने पडदा सारला, प्लायवूडवर हात फिरवला आणि ती मागे वळली.

"मामा, इथलं दार कुठे गेलं?"

मामांनी मान खाली घातली. "आहे ना, ताई. पाठीमागे आहे."

"उघडतं का?"

"मी मालकांना सांगून बघितलं, ताई. जास्त बोललो तर पुन्हा टँकर."

ती खाली उतरून मालकाकडे गेली. "आम्हाला दुसरी जागा द्या. आणि ते दार उघडून घ्या. उद्या काही पेटलं तर माणसं जातील कुठून?"

"सगळं भरलंय, बाई. नको असेल तर उतरा, तुमच्या जागेला दहा जण उभे आहेत. एवढी भीती वाटते, तर विमानाने जा की!"

आतले लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, बसा ना! उशीर होतोय!"

आईने तिचा हात धरला. "अगं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. ही तारीख गेली, तर पुढची मिळेपर्यंत मी असेन का?"

ती बसली. रात्रभर आईच्या पायाशी जागी बसून राहिली. आणि मी, एवढं मोठं माझं धूड, जीव मुठीत धरून धावत राहिले.

काही झालं नाही. आम्ही सुखरूप पोचलो. आईचं ऑपरेशनही चांगलं झालं. आणि काही दिवसांनी परतीसाठी दारवालीचाच मालकाला फोन आला. "तो मागचा बर्थच द्या. आईला तिथे पाय पसरता येतात."

मालकाने फोन ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "बघा! जी भांडत होती, तीच आता मागून घेतेय!" त्याच दुपारी वेल्डर पुन्हा आला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नव्या बसचं मागचं दार आता तो सांधतो आहे.

दारवालीचा मला राग येत नाही. ती आईपुढे हतबल होती. मामाही पोटापुढे हतबल होते. पण बाकीच्यांचं काय अडलं होतं? मित्रांनो, तुम्हीही कधीतरी नाइलाजाने माझ्यासारखीत चढाल. चढलात, तर उशी नंतर लावा, आधी बाहेर पडायचं दार शोधा. आणि ते कुणी एकटं माणूस मागत असेल, तर त्याला उशिराचं कारण सांगून गप्प बसवू नका. त्या संध्याकाळी मी माणसांनी गच्च भरलेली होते. त्यातले चार जण जरी तिच्या मागे उभे राहिले असते, तरी मालकाला ते दार उघडावं लागलं असतं.